ऋषिकेश: मुक्काम कोणत्या काठावर, राफ्टिंग कुठून आणि गंगेत उतरताना काय सांभाळायचं

पायवाट

दर सुट्टीच्या तोंडावर इथे ऋषिकेशबद्दल तेच प्रश्न येतात: हॉटेल कुठे घ्यायचं, किती दिवस ठेवायचे, राफ्टिंग कोणतं, आरती कुठली बघायची. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी नकाशा डोक्यात बसवा, बाकीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ऋषिकेश हे एकसंध गाव नाही. गंगेच्या दोन्ही काठांवर पाच-सहा किलोमीटर पसरलेल्या वस्त्या आहेत आणि त्या तीन जिल्ह्यांत विभागल्या आहेत. पश्चिम काठावर खालच्या अंगाला जुनं शहर: बसस्थानक, बाजार, भरत मंदिर, त्रिवेणी घाट. हा देहरादून जिल्हा. चंद्रभागा नदीचा पूल ओलांडला (पंढरपूरची नव्हे, इथली वेगळी, पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडी) की मुनी की रेती लागते आणि त्याच्या वर तपोवन. हा टिहरी जिल्हा. समोरच्या पूर्व काठावर स्वर्गाश्रम आणि लक्ष्मणझुल्याचा पलीकडचा भाग, तो पौडी जिल्हा.

आता मुक्काम. मंदिरं, घाट, आश्रम, शांत सकाळ हवी असेल तर स्वर्गाश्रम. गीता भवन, परमार्थ निकेतन तिथेच आहेत आणि बराचसा भाग पायी फिरण्याचा आहे. राफ्टिंग, कॅफे, योगाचे वर्ग, उशिरापर्यंत जाग हवी असेल तर तपोवन. पहाटेची बस पकडायची असेल किंवा चारधामला निघायचं असेल तर जुनं शहर. तपोवनात खोली घेऊन रोज संध्याकाळी त्रिवेणी घाटावर जायचं ठरवलं, तर शनिवार-रविवारी निम्मी संध्याकाळ वाहतुकीत जाते. एवढी एक गोष्ट आधी ठरवली तरी सहल सुखाची होते.

पूल. रामझुला १९८६ चा, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी धरून चाला. जानकी सेतू २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाला, ३४६ मीटर लांब, मुनी की रेती आणि स्वर्गाश्रम जोडतो. त्यावर मधून पायी आणि कडेच्या पट्ट्यांतून दुचाकी जातात. जुना लक्ष्मणझुला १९३० पासून वापरात होता, तो जुलै २०१९ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद केला. त्याच्या शेजारी बजरंग सेतू हा काचेच्या कडेचा नवा पूल बांधला आहे. तपोवनात राहणार असाल तर तो पायी जाणाऱ्यांसाठी खुला आहे ना, हे खोली घेतानाच विचारून घ्या. तो बंद असेल त्या दिवशी पलीकडे जायला रामझुल्यापर्यंत दोनेक किलोमीटर खाली यावं लागतं.

पोहोचायचं कसं: मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस ते हरिद्वार ही वातानुकूलित गाडी आठवड्यातून दोनदा, वांद्र्याहूनही हरिद्वारला गाडी आहे. गोवा-कोकणातल्या मंडळींना तिरुवनंतपुरम ते योगनगरी ऋषिकेश ही साप्ताहिक गाडी मडगाव, रत्नागिरी, पनवेलवरून मिळते. दिल्लीमार्गे येणाऱ्यांना शताब्दी, जनशताब्दी आणि वंदे भारत हरिद्वारला थांबतात. हरिद्वारला उतरलं की बसस्थानक रेल्वे स्टेशनच्या समोरच आहे, ऋषिकेश तिथून साधारण २५ किलोमीटर. विमानाने जॉली ग्रँट (देहरादूनचा विमानतळ), तिथून शहर २० किलोमीटरच्या आसपास.

तिकीट काढताना एक बघा: ऋषिकेशला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. जुनं ऋषिकेश आणि नवं योगनगरी ऋषिकेश. लांब पल्ल्याच्या गाड्या योगनगरीला येतात. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगा.

---

निळाई

फार उपयोगी धागा. गावात फिरायला ‘विक्रम’ लक्षात ठेवा. मोठी, शेअर चालणारी तीनचाकी. ठरलेल्या मार्गावर धावते, हात केला की थांबते. बसण्याआधी “शेअरमें?” एवढं विचारा, नाहीतर रिकामी विक्रम अख्खी तुमच्यासाठीच ठरवल्याचं समजून भाडं मागितलं जातं. रामझुल्याजवळ नावघाटावरून मोटरबोटही पलीकडे जाते. पूल चढउतार करायला नको असेल तर ती बरी. पावसाळ्यात आणि पाणी वाढलेलं असताना ती बंद असते.

---

वल्हं

राफ्टिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीच्या समजुती इथेच आहेत.

चार टप्पे विकले जातात. सगळे वरून सुरू होतात आणि खाली ऋषिकेशच्या अंगाला नीम बीच किंवा त्याच्या आसपास संपतात. ब्रह्मपुरीहून ९ किलोमीटर, पाण्यावर तास-सव्वा तास. शिवपुरीहून १६ किलोमीटर, दोन ते अडीच तास. मरीन ड्राइव्हहून (मुंबईचं नव्हे, इथलं) २४-२५ किलोमीटर, अर्धा दिवस. कौडियालाहून ३५ च्या वर, अख्खा दिवस.

किलोमीटरपेक्षा वाटेत कोणते रॅपिड (खडकांमधले उसळत्या पाण्याचे टप्पे) लागतात ते बघा. शिवपुरीच्या खाली रिटर्न टू सेंडर, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, क्लब हाउस आणि पुढे डबल ट्रबल, हिल्टन, टर्मिनेटर. ब्रह्मपुरीहून निघालात तर यातले वरचे मोठे चुकतात, शेवटचे हलके तेवढे मिळतात. म्हणून पाण्याची भीती आहे पण एकदा अनुभव घ्यायचा आहे, अशांना ब्रह्मपुरी. पहिल्यांदाच जाणाऱ्या तब्येतीने ठणठणीत माणसांना शिवपुरी. पैशाच्या आणि वेळेच्या मानाने सगळ्यात समाधान देणारा टप्पा हाच. मरीन ड्राइव्हला क्रॉसफायर आणि थ्री ब्लाइंड माइसची भर पडते. कौडियालाहून येताना ‘द वॉल’ लागतो, तो या पट्ट्यातला सगळ्यात अवघड. तिथे राफ्ट उलटणं ही नेहमीची गोष्ट आहे. आधी राफ्टिंग केलेलं नसेल तर तिथून सुरुवात करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

हंगाम: सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्ट बंद. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाणी अजून गढूळ आणि भरपूर असतं, त्यामुळे परवानगी पुढेमागे होते. तारीख ठरवताना महिन्याच्या अखेरीकडे सरका. मार्च-एप्रिल उत्तम. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून प्रवाह वाढतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी, हिरवंगार आणि बोटं बधिर करणारं थंड. तेव्हा वेटसूट (थंड पाण्यात ऊब टिकवणारा अंगाला घट्ट पोशाख) मिळणार असेल तरच जा.

लाइफ जॅकेट नीट बघा. अपघाताच्या वेळी निम्मा फरक तिथे पडतो. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला सांगा की दोन्ही खांद्यांना धरून वर ओढ. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात पडलात की असं जॅकेट वर चढून तोंडावर येतं, माणूस त्याच्या आत खाली लटकतो आणि नाक पाण्यात जातं. शर्टाच्या आत मोबाइलचं पाकीट किंवा जाड स्वेटर ठेवून पट्टे आवळले तर पहिल्या लाटेनंतर ते दबतं आणि जॅकेट ढिलं होतं. पहिल्या रॅपिडनंतर पट्टे पुन्हा एकदा ओढा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं मावतील इतकाच.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टीसारखी मूठ असते. तिच्यावरचा हात काहीही झालं तरी सोडायचा नाही. तिथून सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. राफ्टवरच्या बऱ्याच जखमांना ही मूठ कारणीभूत असते. पाय समोरच्या फुगीर नळीखाली खोचून बसा, पण अडकवून ठेवू नका.

पाण्यात पडलात तर पाठीवर झोपा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसतील अशी. खडक आला तर तो पायाने झेलता येतो. आणि कंबरभर वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दोन दगडांत अडकतं, मागून प्रवाह ढकलतो आणि माणूस पालथा पडतो. जॅकेट असूनही मग वर येता येत नाही. दोर फेकला तर त्याच्या टोकाची पिशवी नाही, दोर धरायचा, छातीशी घ्यायचा आणि पाठ दोराकडे करायची, म्हणजे तोंड पाण्याबाहेर राहतं. मनगटाला मात्र तो गुंडाळू नका.

ठरवताना विचारायच्या गोष्टी: गाइडकडे पर्यटन खात्याचा परवाना आहे का, सोबत सुरक्षेसाठी कयाक (एका माणसाची लहान होडी) येणार का, एका राफ्टवर गाइड सोडून किती माणसं (आठाच्या वर नकोत), वरच्या टोकापर्यंत न्यायची गाडी दरात धरली आहे का, व्हिडिओचे पैसे वेगळे का. “क्लिफ जंप” (कड्यावरून नदीत उडी) दाखवून कोणी गिऱ्हाईक ओढत असेल तर ते नाकारा. तिथे खालच्या पाण्याची खोली नदीच्या पातळीप्रमाणे बदलते.

---

चिंचपाणी

मुलगी अकरा वर्षांची आहे, पोहता येतं. ब्रह्मपुरीचा टप्पा चालेल का? आणि चष्मा लावणाऱ्यांनी काय करायचं?

---

वल्हं

नाही. उत्तराखंडच्या नियमाने राफ्टिंगला किमान वय १४ आहे. पोहता येण्याचा इथे फार उपयोग नाही, वाहत्या थंड पाण्यात तलावातलं पोहणं कामाला येत नाही. शिवाय लहान मुलांच्या मापाची जॅकेटं बहुतेकांकडे नसतात आणि मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या खांद्यावरून निघून येतं. “चालतंय, बसवतो” म्हणणारा गाइड भेटला तर तो बाकीचे नियमही तसेच पाळतो, असं समजून दुसरीकडे जा. मुलांसाठी नीर गड्डूचा धबधबा, रामझुल्याची बोट आणि घाटावरची सकाळ पुरेशी आनंदाची असते.

चष्म्याला मागून घट्ट बसणारी दोरी लावा. स्टेशनरीच्या दुकानातली जाड इलॅस्टिक पट्टीही चालते. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, एका लाटेत जातात. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल. साध्या चपला पहिल्याच रॅपिडला वाहून जातात आणि मग तापलेल्या वाळूतून अनवाणी चालावं लागतं. सुका कपड्यांचा जोड गाडीतच ठेवा, राफ्टवरच्या कोरड्या पिशवीत जागा थोडी असते.

---

दख्खनी

एक भर. ‘गंगाकिनारी बीच कॅम्प’ अशी जाहिरात बघून बुकिंग करू नका. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात नदीच्या वाळूवर तंबू टाकायला मनाई केली. आता जे कॅम्प आहेत ते नदीपासून दूर, वरच्या गावांत, ओढ्यांच्या काठी किंवा डोंगरउतारावर. फोटोत वाळू आणि समोर गंगा दिसत असेल तर तो फोटो जुना तरी आहे किंवा जागा बेकायदा तरी. पत्ता मागा, नकाशावर नदीपासूनचं अंतर बघा, शेवटचा रस्ता कच्चा आहे का विचारा. बऱ्याच कॅम्पना मुख्य रस्त्यापासून अर्धा-पाऊण तास चढ असतो आणि हे पैसे भरल्यावर कळतं.

---

मंदाकिनी

आता स्नानाबद्दल, कारण दरवर्षी लोक बुडतात आणि त्यातले बरेच जण राफ्टिंगला गेलेलेच नसतात. काठावर पाय धुवायला उतरलेले असतात.

ऋषिकेशला गंगा डोंगरातून नुकती बाहेर पडते. वर भागीरथीवर टिहरी आणि कोटेश्वर, अलकनंदेवर श्रीनगरचं धरण. वीजनिर्मितीप्रमाणे पाणी सोडलं जातं, त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही पातळी वाढते. सकाळी ज्या खडकावर चालत गेलात त्याच्या मागून दुपारी पाणी वाहू लागतं आणि परतीची वाट बंद होते. तपोवनच्या खालच्या वाळूच्या किनाऱ्यांवर हेच होतं. तिथे धरायला साखळी नाही, जीवरक्षक नाही. पाण्याने वेढलेल्या खडकावर फोटोसाठी बसू नका. भोंगा वाजला तर सामान गोळा करत बसू नका, आधी वर या.

दुसरं, हिवाळ्यात आणि वसंतात पाणी इतकं नितळ असतं की तळ जवळ वाटतो. पाण्यात वरून पाहिलं की खोली खऱ्यापेक्षा सुमारे पाव कमी दिसते. कमरेएवढं वाटणारं पाणी छातीला लागतं, आणि छातीएवढ्या वाहत्या पाण्यात पाय टिकत नाहीत.

घाटावर उतरताना: साखळी असलेल्या जागीच. पायरी कोरडी दिसली तरी तिच्या पाण्यातल्या कडेला शेवाळ असतं, म्हणून टाच नाही, अख्खं पाऊल टेकवा. साडी, धोतर, टॉवेल कमरेला घट्ट खोचून घ्या. सैल कापड प्रवाहात शिडासारखं ताणलं जातं आणि माणसाला ओढतं. एकदम डुबकी नको. आधी पाय, मग मनगटं, मान ओली करा, श्वास स्थिर झाला की मग. थंड पाण्यात अचानक गेल्यावर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तो पाण्याखाली ओढला गेला तर पाणी छातीत जातं. रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तांब्याने अंगावर घेतलं तरी स्नान झालं. शास्त्रही त्याला आड येत नाही.

आणीबाणीला ११२ किंवा १०८. एम्स ऋषिकेश शहरातच, पशुलोक भागात आहे. या बाबतीत हे गाव पहाडातल्या इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा सुदैवी.

---

दूरदेशी

सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांना घेऊन जायचं आहे. बाबांचे गुडघे दुखतात. आरती, एखादं मंदिर आणि शांत बसणं, एवढीच अपेक्षा. कुठे उतरावं? कोणती आरती?

---

पायवाट

स्वर्गाश्रम. पण खोली ठरवताना दोन प्रश्न: गाडी दारापर्यंत येते का, आणि खोली तळमजल्यावर आहे का. स्वर्गाश्रमात मोटार दोन बाजूंनी येते: खालून पशुलोक बॅराजवरून (गंगेवरचा बंधारा), वरून गरुडचट्टीच्या पुलावरून. विमानतळावरून येणारा टॅक्सीवाला बहुधा रामझुल्याच्या पश्चिम टोकाला उतरवून मोकळा होतो आणि मग सामान घेऊन पूल चढावा लागतो. आधीच “स्वर्गाश्रम, बॅराज होकर” असं ठरवा, भाडं थोडं जास्त पडेल. बॅराज-चिल्ला बाजूला राजाजी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, हत्ती रस्त्यावर येतात, त्यामुळे दिवसाउजेडीच पोहोचाल असं विमान किंवा गाडी निवडा.

आरतीच्या दोन मुख्य जागा आहेत. परमार्थ निकेतनची आरती पायऱ्यांवर बसून, भजनं आणि होमासह, सूर्यास्ताच्या सुमारास. त्रिवेणी घाटाची मोठ्या दीपमाळांची, खुल्या घाटावर, जास्त लोकवस्तीतली. आईबाबांसाठी परमार्थ बरी, स्वर्गाश्रमातूनच सपाट वाटेने जाता येतं. पाऊण तास आधी जा, कडेची पायरी धरा, म्हणजे बाबांना पाय लांब करता येईल. चपला बाहेर ठेवाव्या लागतात, हिवाळ्यात फरशी गार पडते, जाड मोजे न्या. खुर्ची हवी असल्यास सेवेकऱ्यांना आधी सांगा, नाही म्हणत नाहीत. त्रिवेणी घाट एका सकाळी करा, तेव्हा गर्दी नसते आणि विधी करायचे असतील तर तेही तिथेच होतात.

---

सातूपीठ

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही. ऋषिकेश पूर्ण शाकाहारी आहे. मांस, मद्य नाहीच, पण अंड्याच्या विक्रीवरही बंदी आहे आणि ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ग्राह्य धरली. आश्रमांत कांदा-लसूणही नसतो, आणि जेवणाची वेळ चुकली की जेवण नाही. स्वर्गाश्रमातलं १९५८ पासूनचं चोटीवाला हे उपाहारगृह सगळ्यांना माहीत असतं. जागा बघण्याइतकी आहे, पण थाळी तिथेच खाल्ली पाहिजे असं नाही.

खरं शोधण्यासारखं आहे ते गढवाली जेवण. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरीच, गव्हाचं थोडं पीठ घालून लाटलेली, वर घरचं लोणी. गहत म्हणजे कुळीथ. त्याची डाळ आणि त्याच कुळथाचं भिजवून वाटून केलेलं घट्ट फाणू. पालकाची काफुली. झंगोऱ्याची खीर, भगरीच्या जातीचं धान्य, दुधात आटवलेलं. ज्यांच्या घरी कुळथाचं पिठलं होतं त्यांना हे जेवण पहिल्या घासाला ओळखीचं वाटेल. कॅफेंच्या यादीत ते क्वचित असतं. सकाळी सांगून ठेवलं तर लहान खाणावळींत रात्री करून देतात, कारण कुळीथ आधी भिजवावा लागतो.

---

श्रावणसर

ऋषिकेशजवळच्या नीलकंठ महादेव मंदिराला श्रावणात जावं का? श्रावणी सोमवार साधायचा विचार आहे.

---

दख्खनी

तारखा नीट बघा, इथे बऱ्याच मराठी मंडळींची गफलत होते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे आषाढ वद्य चालू असतो. कावडयात्रा त्याच पंधरवड्यात असते आणि त्यांची श्रावण शिवरात्र आपल्या दीप अमावस्येच्या आदल्या दिवशी येते. त्या दोन आठवड्यांत हरिद्वार-ऋषिकेश रस्ता, दिल्लीचा महामार्ग, नीलकंठची वाट, सगळीकडे कावडिये (गंगाजलाच्या कावडी नेणारे भाविक) असतात. वाहनांचे मार्ग बदललेले असतात, तासाच्या प्रवासाला अर्धा दिवस लागतो. भक्तिभाव बघायचा असेल तर अवश्य जा, पण पाठीवर पिशवी आणि हातात वेळ असेल तरच. आपल्या श्रावणातले पहिले दोन सोमवार त्यांच्याही श्रावणात येतात, तेव्हा गर्दी असते, पण कावडीची लाट ओसरलेली असते. राखीपौर्णिमेनंतरचे सोमवार सगळ्यात मोकळे. पाऊस मात्र जोरात असतो, दरडी पडतात, एक दिवस हाताशी ठेवा.

रस्त्याने नीलकंठ ३० किलोमीटरच्या थोडं वर. स्वर्गाश्रमाच्या बाजूने शेअर जीप मिळतात, भरल्या की सुटतात. पायवाट स्वर्गाश्रमाच्या मागून राजाजीच्या जंगलातून चढते. चढ बऱ्यापैकी, मंदिर सुमारे १३०० मीटर उंचीवर. पायी जायचं तर उजाडताच निघा, एकटे नको, आणि परतताना जीपने या. दुपारनंतर उतरायला घेतलं तर जंगलातच अंधार होतो आणि हत्तींची वेळ तीच. हातात खाऊची पिशवी उघडी धरू नका, माकडं ती हिसकावतात आणि माणूस दचकून घसरतो.

---

निळाई

कुंजापुरीची भर घालते. नरेंद्रनगरवरून हिंडोलाखाल, तिथून वर देवीचं मंदिर, १६०० मीटरच्या पुढे उंची. सूर्योदयाला लोक जातात. चारच्या सुमारास गाडी निघायला हवी आणि शेवटी तीनेकशे पायऱ्या आहेत, त्याला वीस मिनिटं धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते, चौखंबा, स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ ओळीने दिसतात. मे महिन्यात धुळीची आणि वणव्याच्या धुराची झाक असते, तेव्हा झोपमोड करून वर गेलात तर तांबडा गोळा दिसेल, शिखरं नाहीत. वर वारा झोंबतो, खाली उकडत असलं तरी कानटोपी ठेवा.

बदरीनाथ रस्त्यावर साधारण २५ किलोमीटरवर वसिष्ठ गुंफा आहे. आत दिवा तेवढा, पूर्ण शांतता. बोलायचं नाही, फोटो नाही. मरीन ड्राइव्हच्या राफ्टिंगच्या दिवशीच हे जोडू नका, ओल्या कपड्यांनी आणि घाईत तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

---

उंचउडी

बंजीबद्दल (लवचीक दोर बांधून उंचावरून मारायची उडी) दोन शब्द. मोहनचट्टीला २०१० पासून ८३ मीटरची पक्क्या मचाणावरून उडी आहे. नंतर शिवपुरीकडेही जास्त उंचीच्या उड्या सुरू झाल्या. उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. दोर शरीराच्या वजनाप्रमाणे निवडतात, म्हणून तुमचं वजन दोनदा केलं जातं का आणि आकडा हातावर लिहिला जातो का हे बघा. मोहनचट्टीला वय किमान १२, वजन ४० ते ११० किलो. रक्तदाब, मणक्याचा त्रास, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, गर्भारपण यात उडी नाही. उलटं लटकताना रक्ताचा दाब डोक्याकडे आणि डोळ्यांकडे जातो, चष्म्याचा नंबर खूप मोठा असणाऱ्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मगच ठरवावं. त्याच दिवशी सकाळी राफ्टिंग नको, पाठ आधीच थकलेली असते.

---

आसनस्थ

योग शिकायला जाणाऱ्यांसाठी. तपोवनात दर दहा पावलांवर २०० तासांच्या शिक्षक प्रशिक्षणाची पाटी आहे. साधारण चार आठवड्यांत तो संपवतात. हिशेब करून बघा: रोज आठ तास, त्यातला शवासन, भजन, सहलीचा वेळ वजा करा, म्हणजे शिकवण्याचा सराव किती उरतो ते कळेल. ‘योगा अलायन्स’ ही अमेरिकेतली खासगी नोंदणी आहे, सरकारी मान्यता नाही. भारतात शिकवायचं असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा वेगळी असते. एका वर्गात किती विद्यार्थी, शरीररचना कोण शिकवतं, एक दिवस बसून बघू देता का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.

फक्त आसनं काटेकोर शिकायची असतील तर आपल्याकडे लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे आणि पुण्यात अय्यंगार संस्था. त्यासाठी हिमालय गाठायची गरज नाही. ऋषिकेशला जावं ते आश्रमाच्या दिनक्रमासाठी: पहाटेचं ध्यान, मौनाची वेळ, सत्संग. शिवानंद आश्रम म्हणजे डिव्हाइन लाइफ सोसायटी, १९३६ ची. तिथे राहायचं असेल तर आधी लिहून परवानगी घ्यावी लागते, ऐन वेळी दारात जाऊन खोली मिळत नाही. आश्रमांची फाटकं रात्री लवकर बंद होतात, बाहेर जेवायला जाणार असाल तर वेळ विचारून जा.

चौरासी कुटियाही बघा. महर्षी महेश योगींचा आश्रम, १९६८ मध्ये बीटल्स हा ब्रिटिश बँड इथेच राहिला. नंतर आश्रम ओस पडला, आता वनखात्याच्या ताब्यात आहे, डिसेंबर २०१५ पासून तिकीट काढून आत जाता येतं. जानकी सेतूच्या स्वर्गाश्रमाकडच्या टोकापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. गोल दगडी ध्यानकुट्या एकदा आत शिरून बघा, बाहेर कडक ऊन असलं तरी आत गार आणि आवाजबंद. संध्याकाळी लवकर बंद होतो, सकाळी जा.

---

चिंचपाणी

सगळ्यांचे आभार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं बुकिंग करायचं आहे, आणि गंगाजल आणायचं आहे. काही सूचना?

---

मंदाकिनी

त्या आठवड्यात दिल्लीकडची सगळी मोटार ऋषिकेशला येते. खोली आधी घ्या, आणि स्वतःची गाडी असेल तर पार्किंगसह. एकदा गाडी लावली की निघेपर्यंत हलवू नका. मैदानात धुकं असतं, हरिद्वारच्या गाड्या कित्येक तास उशिराने धावतात, त्यामुळे दिल्लीहून त्याच दिवशीचं विमान जोडू नका, मध्ये एक रात्र ठेवा. २०२७ च्या सुरुवातीला जाणार असाल तर हरिद्वारचा अर्धकुंभ लक्षात घ्या. मे-जूनमध्ये चारधामची गर्दी, पुढे जाणार असाल तर नोंदणी सक्तीची आहे आणि भाड्याच्या गाडीकडे ग्रीन कार्ड (परिवहन खात्याचा वाहन तंदुरुस्तीचा दाखला) लागतं.

गंगाजलासाठी घाटावर मिळणारे पातळ प्लास्टिकचे कॅन घेऊ नका, झाकणातून गळतात. घरून घट्ट फिरकीच्या झाकणाची बाटली किंवा तांब्याचा गडू न्या. पाणी सकाळी, वर्दळ सुरू व्हायच्या आधी, वाहत्या धारेतून भरा. पावसाळ्यात गाळ असतो, तेव्हा भांड्यात रात्रभर ठेवून वरचं निवळ ओतून घ्या. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा आणि दुहेरी पिशवीत घाला. विमानाने जाणार असाल तर बाटली चेक-इनच्या सामानात, कपड्यांच्या मधोमध उभी ठेवा.